चौदा आरोप आणि एक होडी : न्यूपोर्टचा वाद, १६७२

१६५७ च्या ऑक्टोबरमध्ये ऱ्होड आयलंड या अमेरिकेतल्या छोट्याशा इंग्रज वसाहतीने आपल्या शेजाऱ्यांना एक उत्तर धाडलं. शेजारी म्हणजे मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ वगैरे वसाहतींचा संघ. त्यांची मागणी होती की तुमच्याकडे आलेल्या क्वेकरांना, म्हणजे एका नव्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना, हाकला आणि पुढेही कुणाला येऊ देऊ नका. ऱ्होड आयलंडने कळवलं की नुसतं तोंडाने आपलं मत सांगितलं म्हणून कुणाला शिक्षा करावी असा कायदाच आमच्याकडे नाही. शिवाय आमचा अनुभव असा, की या लोकांना जिथे मोकळेपणी बोलू देतात आणि विरोध केवळ युक्तिवादाने करतात, तिथे यायला ते सगळ्यात कमी उत्सुक असतात. छळ झाला की त्यांना अनुयायी मिळतात.

पत्रातला हा अंदाज पुरता चुकला. न्यूपोर्ट हे बंदर क्वेकरांचं मोठं ठाणं झालं, १६६१ पासून तिथे त्यांची वार्षिक सभा भरू लागली आणि मे १६७२ मध्ये निकोलस ईस्टन हा क्वेकर गृहस्थ वसाहतीचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. अंदाज चुकला तरी त्यामागचं तत्त्व मात्र कुणी सोडलं नाही. ‘केवळ युक्तिवादाने विरोध’ हे शब्द एका माणसाने अक्षरशः मनावर घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो क्वेकरांशी चार दिवस भांडला. त्या चार दिवसांचं हे प्रकरण आहे.

माणूस कोण होता

रॉजर विल्यम्स १६३१ मध्ये इंग्लंडहून बोस्टनला आला. शिकलेला धर्मोपदेशक, हिब्रू-ग्रीक जाणणारा. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, राज्यकर्त्यांशी त्याचं लवकरच बिनसलं. दंडाधिकाऱ्याला माणसाच्या श्रद्धेवर अधिकार नाही, आणि स्थानिक लोकांची जमीन राजाच्या सनदेने आपली होत नाही, असं तो उघड सांगू लागला. १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. १६३६ च्या ऐन हिवाळ्यात तो बर्फातून निघाला आणि नॅरागॅन्सेट जमातीच्या प्रमुखांकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं. श्रद्धेवरून कुणालाही त्रास द्यायचा नाही, हा त्या गावाचा पाया होता.

१६५५ मध्ये त्याने गावकऱ्यांना लिहिलेलं एक पत्र फार प्रसिद्ध आहे. त्यात तो समाजाला जहाजाची उपमा देतो. जहाजावर कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, ज्यू आहेत, तुर्क आहेत. जहाजावरच्या प्रार्थनेला यायची कुणावरही सक्ती नको, आणि कुणी आपली वेगळी प्रार्थना करत असेल तर तिला मज्जाव नको. पण जहाज कुठे न्यायचं, शिस्त कशी राखायची हे कप्तान ठरवेल. बंड केलं तर शिक्षा होईल. ही दुसरी बाजू लक्षात ठेवायला हवी, पुढे ती कामाला येणार आहे.

आणखी एक गोष्ट. विल्यम्स स्वतः कुठल्याच चर्चचा राहिला नव्हता. प्रॉव्हिडन्समध्ये बाप्टिस्ट मंडळी उभी करून काही महिन्यांतच तो तिच्यातून बाहेर पडला. प्रेषितांच्या काळचं खरं चर्च जगातून लोपलं आहे आणि देवाने नवे प्रेषित पाठवल्याशिवाय ते पुन्हा उभं राहणार नाही, अशी त्याची खात्री होती. म्हणजे तो वाट पाहणारा माणूस. आणि समोर उभे राहिलेले लोक म्हणत होते की वाट कसली पाहतोस, ख्रिस्त आलाय, तुझ्या आत आहे.

समोरचे लोक

क्वेकर पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स हा इंग्लंडच्या लेस्टरशायरमधला विणकराचा मुलगा. योहानाच्या शुभवर्तमानात प्रत्येक माणसाला उजळणारा खरा प्रकाश असं जे म्हटलं आहे, ते त्याने शब्दशः घेतलं. प्रकाश प्रत्येकात आहे, मग पगारी पाद्री कशाला, विद्यापीठाची पदवी कशाला, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाचे विधी तरी कशाला? सभेत सगळे गप्प बसत. ज्याला आतून प्रेरणा होई तो उठून बोले, आणि ती बाईसुद्धा असू शके.

एक गोष्ट मराठी माणसाला चटकन कळेल. त्या काळच्या इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे होते. क्वेकर सगळ्यांना, न्यायाधीशालाही, ‘तू’ म्हणत आणि कुणापुढे टोपी काढत नसत. देवापुढे सगळे सारखे, असा त्यामागचा विचार. पण कोर्टात उभं राहून न्यायाधीशाला अरेतुरे करणं काय आग लावत असेल, याची कल्पना आपल्याला कुठल्याही इंग्रज वाचकापेक्षा जास्त येईल.

बोस्टनने त्यांचं काय केलं ते थोडक्यात सांगतो, थोडक्यातच सांगवतं. १६५६ मध्ये मेरी फिशर आणि ॲन ऑस्टिन या दोघी उतरल्या. त्यांची पुस्तकं जाळली, चेटकिणीच्या खुणा आहेत का म्हणून अंगं तपासली, तुरुंगात ठेवून परत पाठवलं. पुढे कान कापण्याचा कायदा आला आणि १६५८ मध्ये तिघांचे उजवे कान कापलेही गेले. हद्दपार क्वेकर परतला तर फाशी, असा कायदाही त्याच वर्षी झाला. १६५९ ते १६६१ या काळात चौघांना फासावर दिलं. त्यातली मेरी डायर ऱ्होड आयलंडची. प्रॉव्हिडन्सचे रिचर्ड आणि कॅथरीन स्कॉट हे विल्यम्सचे शेजारी, दोघेही क्वेकर झालेले. बोस्टनमध्ये कान कापल्याचा निषेध केला म्हणून कॅथरीनला तिथे चाबकाचे फटके बसले. ज्यांचे कान गेले त्यांपैकी क्रिस्टोफर होल्डर पुढे याच स्कॉटांचा जावई झाला.

तेव्हा १६७२ मध्ये विल्यम्सच्या समोर बसलेल्या माणसांच्या अंगावर व्रण होते. विल्यम्सची बाजू समजून घेतानाही हे विसरणं मला तरी शक्य होत नाही.

ठिणगी कशी पडली

विल्यम्सचं म्हणणं असं, की त्याने आधी क्वेकरांच्या न्यूपोर्टच्या सभेत उठून बोलायचा प्रयत्न केला होता. तो बोलायला लागला की कुणीतरी एकदम प्रार्थना सुरू करी. एकदा एक बाई प्रार्थनेला लागल्या, मग दुसरा कुणी लागला आणि सभाच संपली. क्वेकरांच्या दृष्टीने ती आत्म्याची प्रेरणा होती. विल्यम्सच्या दृष्टीने तोंड बंद करण्याची युक्ती. दोघंही खरं बोलत असतील असं मला वाटतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. ज्या सभेत बोलण्याचा क्रम आतल्या प्रेरणेने ठरतो, तिथे बाहेरच्या माणसाने प्रश्न विचारायचा कधी?

१६७२ च्या उन्हाळ्यात फॉक्स स्वतः ऱ्होड आयलंडला आला. गव्हर्नर ईस्टनच्या घरी उतरला. प्रॉव्हिडन्सला एका मोठ्या धान्यकोठारात त्याची सभा झाली, इतकी गर्दी की तो घामाने निथळत होता असं त्याने स्वतः नोंदवलंय. विल्यम्सने ठरवलं की आता मुळाशीच जायचं. फॉक्सचा जाडजूड ग्रंथ त्याने वाचून काढला होता. त्याच्या आधारे त्याने चौदा मुद्दे लिहिले आणि फॉक्सला व त्याच्या सोबत्यांना जाहीर आव्हान दिलं : सात मुद्द्यांवर न्यूपोर्टला बोलू, सात मुद्द्यांवर प्रॉव्हिडन्सला.

पत्र उपगव्हर्नर जॉन क्रॅन्स्टनमार्फत गेलं. क्वेकरांच्या हाती पडेपर्यंत फॉक्स निघून गेला होता. विल्यम्सने याचा अर्थ लावला की कोल्हा (इंग्रजीत ‘फॉक्स’) पळाला. फॉक्सने पुढे लिहिलं की असं कुठलंही पत्र मी पाहिलंच नाही. विल्यम्सने हा आरोप करायला नको होता. त्याच्याकडे त्याचा काही पुरावा नव्हता आणि त्या एका संशयाने पुढच्या सगळ्या बोलण्यात कडवटपणा उतरला.

फॉक्सच्या जागी तिघे उभे राहिले : जॉन स्टब्स, जॉन बर्नयीट आणि विल्यम एडमंडसन. स्टब्स भाषांचा जाणकार. एडमंडसन पूर्वी क्रॉमवेलच्या सैन्यात होता, नंतर आयर्लंडमध्ये क्वेकर पंथ त्यानेच रुजवला.

मुद्दे होते तरी काय

चौदाही देत बसत नाही, त्यातले बरेच एकमेकांत शिरलेले आहेत. पहिला : या लोकांना ‘क्वेकर’, म्हणजे देवापुढे थरथरणारे, म्हणतात पण शास्त्रातलं खरं थरथरणं हे नव्हे. दुसरा : त्यांचा ख्रिस्त हा खरा ख्रिस्त नाही. तिसरा : त्यांना चालवणारा आत्मा देवाचा नाही. चौथा : ते पवित्र शास्त्र मानत नाहीत. दहावा : रोमच्या पोपांचा गर्वही यांच्या गर्वाहून मोठा नाही. बारावा : त्यांनी सोसलेले हाल हा त्यांचा धर्म खरा असल्याचा पुरावा नव्हे. तेरावा : त्यांची पुस्तकं पोकळ आणि बढाईखोर आहेत.

बारावा मुद्दा एकटा काढून पाहिला तर तो पक्का आहे. हाल सोसणारे सगळ्याच धर्मांत असतात आणि एकमेकांविरुद्धच्या मतांसाठीही सोसतात. पण हा मुद्दा मांडताना समोर कोण बसलंय याचं भान लागतं, आणि मेरी डायरच्या वसाहतीतल्या लोकांपुढे तो कसा ऐकू गेला असेल हे सांगायला नको.

न्यूपोर्ट, ९ ऑगस्ट

आदल्या दिवशी विल्यम्स प्रॉव्हिडन्सहून होडीने निघाला. अंतर सुमारे तीस मैल, नॅरागॅन्सेटच्या खाडीतून. वय सत्तरीला टेकलेलं. वल्ही त्याच्याच हातात. देवाने कृपा केली आणि ‘माझ्या म्हाताऱ्या हाडांनी’ दिवसभर वल्हवून ठरलेल्या सकाळच्या आधी मध्यरात्रीच्या सुमारास न्यूपोर्ट गाठलं, असं त्याने लिहिलंय. मला या प्रकरणातलं हे सगळ्यात आवडतं वाक्य आहे. बोस्टनमध्ये क्वेकरांच्या विरोधकांना एवढे कष्ट कधी पडले नाहीत, तिथे चाबूकवाला आणि जल्लाद सरकारी होता.

वाद क्वेकरांच्याच सभागृहात झाला. ९, १० आणि १२ ऑगस्ट, मधला रविवार सोडून. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला तीन, आणि भोवती बहुतेक त्यांचीच माणसं. निकाल देणारा कुणी नव्हता. विल्यम्सचा भाऊ रॉबर्ट न्यूपोर्टला शाळामास्तर होता. त्याने भावासाठी बोलायचा प्रयत्न केला, पण त्याला बोलू दिलं गेलं नाही.

आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, वादाचे तीन प्रकार सांगतात. सत्य शोधण्यासाठी करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं फक्त मोडायचं ती वितंडा. न्यूपोर्टला तिन्ही झालं. पण खरी गाठ वेगळीच होती आणि तीही न्यायशास्त्राच्याच शब्दात सांगता येते : दोन्ही बाजूंचं प्रमाण, म्हणजे खरं-खोटं ठरवण्याचा आधार, एक नव्हतं.

चौथ्या मुद्द्यावर हे स्वच्छ दिसतं. विल्यम्सच्या लेखी बायबल हे देवाचं वचन, सगळ्या आत्म्यांची परीक्षा त्यावर घासून करायची. क्वेकर म्हणाले, आम्ही शास्त्र मानतो, त्यातली वचनं खरीच आहेत, पण ‘शब्द’ म्हणजे ख्रिस्त. योहानाची सुरुवातच तशी आहे : ‘प्रारंभी शब्द होता.’ कागदावरच्या अक्षरांना तुम्ही तो मान कसा देता? ज्या आत्म्याने शास्त्र लिहवून घेतलं, तोच आत्मा आम्हाला ते वाचायला शिकवतो. विल्यम्सने विचारलं की मग तुमच्यात आलेला आत्मा देवाचाच आहे हे ओळखायचं कसं? उत्तर : आत्म्यानेच. इथे वाद संपायला हवा होता. एकाची फूटपट्टी दुसऱ्याला मोजायची वस्तू वाटते, तेव्हा पुढे कितीही मोजलं तरी आकडा जुळत नाही. पण तो संपला नाही, पुढे चालतच राहिला.

विल्यम्सकडे उदाहरणं होती. जेम्स नेलर हा फॉक्सचा जुना सहकारी. १६५६ मध्ये तो ब्रिस्टलमध्ये घोड्यावरून शिरला, अनुयायी पुढे होसान्ना गात होते, जणू ख्रिस्तच यरुशलेमात शिरतोय. पार्लमेंटने त्याच्या जिभेला तापल्या लोखंडाने भोक पाडायला लावलं आणि कपाळावर डाग दिला. विल्यम्सचा प्रश्न रास्त होता : नेलरलाही आतूनच प्रेरणा झाली होती ना? क्वेकरांनी सांगितलं की नेलरला पश्चात्ताप झाला होता. मग विल्यम्सने मॅसॅच्युसेट्समध्ये काही क्वेकर बायका ‘खूण’ म्हणून विवस्त्र चालत गेल्या होत्या, ते काढलं. त्यावर उत्तर आलं की यशया संदेष्टाही देवाच्या आज्ञेने तसाच चालला होता. विल्यम्सच्या फूटपट्टीनेच, म्हणजे शास्त्रानेच, त्याला उत्तर मिळालं. या एका जागी मला क्वेकर वरचढ वाटतात. नेलरच्या जागी विल्यम्स.

प्रॉव्हिडन्स, १७ ऑगस्ट

उरलेले सात मुद्दे प्रॉव्हिडन्सला एका दिवसात उरकले गेले. या वेळी समोर स्टब्स आणि एडमंडसन होते. बाकीच्या मुद्द्यांपाशी थांबायचं कारण नाही, कारण सगळ्यांचं मोल चौदाव्यात आहे.

चौदावा मुद्दा धर्मशास्त्राचा नव्हता, राज्याचा होता. विल्यम्स म्हणाला की या पंथाचा आत्मा माणसाला सभ्यतेकडून रानटीपणाकडे नेतो, अंगात येईल त्या प्रेरणेने चालणाऱ्या मनमानी राज्याकडे नेतो, विरोध करणाऱ्या राजांनाही एकाएकी कापून काढण्याकडे नेतो, आणि शेवटी जगात कुणीही केला असेल तितक्याच जळत्या धर्मछळाकडे नेतो.

एडमंडसन आणि स्टब्स यांना हे ऐकून काय वाटलं असेल! छळ झालेल्यांनाच भावी छळक ठरवलं जात होतं. त्यांनी पुरावा मागितला आणि विल्यम्सकडे तो नव्हता. होता तो फक्त तर्क : ज्याला आपल्या आतला आवाज चुकूच शकत नाही असं वाटतं, त्याच्या हाती सत्ता आली तर तो थांबेल कशासाठी? हा प्रश्न हवेतला नव्हता. त्या वर्षी गव्हर्नर खरोखरच क्वेकर होता. पण विल्यम्सने प्रश्न म्हणून विचारायची गोष्ट आरोप म्हणून ठोकून दिली.

आणि याहून गंभीर गोष्ट त्याने नंतरच्या पुस्तकात लिहिली. अरेतुरे करणं, मान न राखणं, विवस्त्र फिरणं अशा असभ्य वागण्याला, ते सद्सद्विवेकाच्या नावाने केलं तरी, माफक आवर घालणं आणि शिक्षा करणं म्हणजे धर्मछळ नव्हे, ते कर्तव्यच आहे, असं तो म्हणाला. जहाजाचा कप्तान इथे परत आला. विवस्त्र फिरण्याचं एक वेळ समजू शकतं. पण ‘तू’ म्हणणं? तोच तर क्वेकरांच्या श्रद्धेचा आचार होता. तो दंडनीय ठरवला तर आत काय मानायचं याची मोकळीक उरते आणि तोंडातून काय निघावं याची मात्र हिरावली जाते. आयुष्यभर ज्या रेषेसाठी विल्यम्स झगडला, ती त्याने इथे स्वतःच्या रागाला सोयीची होईल अशी सरकवली. मला त्याच्याबद्दल अतोनात आदर आहे, म्हणूनच हे वाचताना वाईट वाटतं.

मात्र हेही तितकंच खरं, की त्याने तो कायदा कुणाला करायला लावला नाही. १६६३ ची राजाची सनद वसाहतीत लागू होती : धर्माबाबतच्या मतभेदासाठी कुणाला त्रास, शिक्षा किंवा जाब विचारणं नाही, जोवर तो लोकांची शांतता मोडत नाही. सत्तेवर असलेल्या क्वेकरांनीही आपल्या धर्माला एवढं बोलणाऱ्या म्हाताऱ्याला बोट लावलं नाही. चौदाव्या मुद्द्याला याहून चांगलं उत्तर कुणी दिलं नाही.

पुस्तकं

दोन्ही बाजूंनी आपणच जिंकल्याचं जाहीर केलं. विल्यम्सने सगळा वाद लिहून काढला. पुस्तक १६७६ मध्ये छापलं गेलं, तेही ज्या बोस्टनने त्याला हद्दपार केलं होतं तिथे. त्याच वर्षी मार्चमध्ये स्थानिक जमातींबरोबरच्या युद्धात प्रॉव्हिडन्स जळालं आणि विल्यम्सचं घरही गेलं. पुस्तकाचं नाव श्लेषाचं आहे : फॉक्स म्हणजे कोल्हा आणि बरो म्हणजे बीळ, तेव्हा ‘जॉर्ज फॉक्सला त्याच्या बिळांतून उकरून काढलं’. बरो हे फॉक्सचा सहकारी एडवर्ड बरो याचं आडनाव, फॉक्सच्या त्या ग्रंथाला त्याची प्रस्तावना होती. एडवर्ड बरो १६६३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात आपल्या श्रद्धेपायी कैदेत असतानाच मेला होता. त्याच्या नावावर कोटी करणं विल्यम्सला शोभलं नाही.

फॉक्स आणि बर्नयीट यांनी १६७८ मध्ये उत्तर छापलं. त्यांनी विल्यम्सला न्यू इंग्लंडमधलं कोलीत म्हटलं, आणि ते आम्ही विझवलं असं मथळ्यातच सांगून टाकलं. भाषा त्यांचीही काही सौम्य नाही.

पण त्या पुस्तकाला जोडलेलं एक पत्र सगळ्या खंडनमंडनापेक्षा जास्त लक्षात राहतं. ते लिहिणारा रिचर्ड स्कॉट, फटके खाल्लेल्या कॅथरीनचा नवरा. १६४४ मध्ये विल्यम्स इंग्लंडहून वसाहतीची सनद घेऊन परतला, तेव्हा गावकरी त्याला आणायला चौदा होड्या घेऊन गेले होते. स्कॉट लिहितो की त्या होड्यांच्या मध्ये बसलेला हा माणूस इतका फुगून गेला की त्याला स्वतःचं भान राहिलं नाही. त्याच्या मते विल्यम्सचा गर्व तिथपासूनचा. अट्ठावीस वर्षांनी त्याच पाण्यावरून म्हातारा एकटा वल्हवत गेला होता, ते स्कॉटच्या पत्रात नाही.

पत्राच्या सुरुवातीलाच स्कॉटने आपली ओळख दिली आहे : अडतीस वर्षं मी याचा शेजारी आहे.